चंदेरीवर काही दिसत नाही

पांढरा अर्धगोल, आतून पोकळ. हनुवटी टेकवायला एक खोबण, कपाळ टेकवायला एक पट्टी. "मधल्या ठिपक्याकडेच बघायचं. बाजूला कुठेही उजेड चमकला की बटण दाबायचं. डोळा फिरवायचा नाही."

बायकोच्या उजव्या चपलेची टाच डावीपेक्षा जास्त झिजली आहे.

"काका, सिल्वरवर वॅक्स म्हणजे टकलाला तेल. लावणाऱ्याला समाधान, बघणाऱ्याला फरक नाही."

बाटलीच्या आत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, केसाएवढा काचेचा धागा. कारखान्यात त्याला झोका म्हणत.

चहाचा कप उजव्या हाताला. नेहमी.

"सायकलवाला कुठून टपकला कोण जाणे!"

नात सोमवारी सकाळी आईबरोबर येणार. वय वर्षं चार. ती आजोबांच्या गाडीतूनच घरी जाणार आहे, टॅक्सी म्हटलं की भोकाड पसरते, असं मुलगा फोनवर म्हणाला.

शनिवारी दुपारी साडेचारला बायकोनं बॉनेटवर बोटानं एक रेघ ओढली, आणि रेघ उमटली. एवढंच झालं. इमारतीमागच्या पत्र्याच्या शेडखाली गाडी उभी होती, तो पाठीला हात लावून दोन पावलं मागे सरून आपलंच काम बघत होता, ती वाळत घातलेले कपडे काढायला म्हणून आली होती आणि जाता जाता थांबली. "इथलं राहिलं वाटतं," ती म्हणाली. तो म्हणाला, काही राहिलेलं नाही, सगळं पुसून झालंय. तेव्हा तिनं खांद्यावरचे कपडे सावरत तर्जनी टेकवली आणि ओढली. पत्र्यावर धुक्यासारखा पातळ थर होता, त्यात एक लखलखीत रेघ. तळहाताएवढी जागा. बॉनेटच्या पुढच्या कडेला, डावीकडे, खाली. "चंदेरीवर दिसत नाही गं," तो म्हणाला. "चमक यायला लावलेलं सीलंट वाळल्यावर पांढरट होतं, आणि रंगच पांढरट. काळी गाडी असती तर लगेच कळलं असतं." ती म्हणाली, "मला तर दिसलं बाई." आणि कपडे घेऊन वर गेली. तिच्या बोलण्यात खोच नव्हती. असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. खोच असली की उलटून बोलता येतं. त्यानं फडकं घेतलं, ती तळहाताएवढी जागा पुसली, आणि मग पुन्हा एकदा पुसली.

खरं तर चंदेरीवर काही दिसत नाही म्हणूनच ती घेतली होती. अकरा वर्षांपूर्वी शोरूममध्ये त्याला लाल आवडली होती, बायको म्हणाली, "लाल रोज धुवावी लागेल. चंदेरी घ्या, धूळ दिसत नाही." आणि बाटल्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं दोष शोधून काढण्याचा पगार घेतलेल्या माणसानं, ज्याच्यावर दोष दिसत नाही असा रंग घेतला. कारखान्यात तो उजेडाच्या पाटीसमोर बसायचा. पट्ट्यावरून बाटल्या यायच्या, एकीमागून एक, आणि पांढऱ्या उजेडासमोरून जाताना प्रत्येकीला काय ते अर्धा क्षण मिळायचा. तडा, बुडबुडा, तिरपा गळा, खडा. दिसली की नखानं टिचकी मारून खालच्या डब्यात. दर अर्ध्या तासानं उठायचं, दुसऱ्यानं बसायचं, कारण अर्ध्या तासानंतर डोळा समोरची बाटली बघत नाही, आधीचीच बघत राहतो. त्याला 'डोळा भरणं' म्हणत. त्याचा डोळा भरत नसे. त्याला घार म्हणत. झोका सगळ्यात अवघड; आरपार उजेडात तो धागा फक्त एका कोनातून दिसतो आणि बाटली भरताना तुटून आतल्या औषधात पडतो, मग कुणाच्या तरी पोटात. एकतीस वर्षांत त्याच्या पाटीवरून एकही झोका पुढे गेला नाही. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी हे भाषणात सांगितलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तोही वाजवत होता, आणि मनात एकच विचार: गेला असता तर मला कळलं कसं असतं? जो दिसला नाही तो मोजला कुणी?

सीलंट घ्यावं की वॅक्स यावर त्यानं चार दिवस घालवले. नात येणार, पहिल्यांदा या गाडीत बसणार, म्हणून गाडी झळकली पाहिजे, हे झालं वरचं कारण. दुकानदार तरणा, बोलका, काउंटरवर दोन डबे ठेवून म्हणाला, "हे बघा काका. वॅक्स म्हणजे मेण. मऊ, उबदार चमक. काळ्या गाडीवर खोल विहिरीसारखं दिसतं. दीड-दोन महिन्यांत उडून जातं. सीलंट हे रसायन. काचेसारखी टणक चमक, सहा महिने हलत नाही. सिल्वरच्या रंगात धातूचा बारीक चुरा असतो, त्याला ही काचेची चमकच शोभते." आणि मग ते टकलाला तेल. तो हसला, आणि म्हणाला दोन्ही द्या. दुकानदारानं कपाळाला हात लावला. "हौसेला मोल नाही. पण मग क्रम चुकवू नका. सीलंट आधी, स्वच्छ अंगावर. एक रात्र जाऊ द्या. मग वॅक्स. उलटं केलंत तर सीलंट मेणाला चिकटेल, गाडीला नाही. मेण गेलं की तेही गेलं." पैसे घेताना तो आणखी एक म्हणाला, "आणि सिल्वर डोळ्यांनी पुसू नका, बोटांनी पुसा. डोळा फसतो." घारीला हे सांगतोय, असं त्याच्या मनात आलं. दुकानातून बाहेर पडताना फुटपाथवरच्या फळीला त्याचा डावा पाय अडखळला. फळी चांगली वीतभर रुंद होती. "जरा बघून," आत जाणारी एक बाई म्हणाली.

शनिवारची सकाळ स्वच्छ अंगासाठीच गेली होती. दोन बादल्या, एक साबणाची, एक साध्या पाण्याची. मग गाडीसाठी मिळतो तो मातीचा मऊ गोळा, कणकेसारखा मळून मळून, पाण्यावर सरकवत सगळ्या पत्र्यावर फिरवायचा. धुऊनही न गेलेला खरखरीतपणा तो ओढून घेतो. पुरेसा झाला का हे बघायची युक्ती अशी की प्लॅस्टिकची पातळ पिशवी हातात घालायची आणि पत्र्यावरून हात फिरवायचा. उघड्या बोटांना जो कण लागत नाही तो पिशवीतून लागतो. असं का ते त्याला कळलं नाही, पण हात फिरवताना बरं वाटलं. मुलगा तान्हा असताना रात्री त्याच्या पाठीवर असाच हात फिरवायचा, उठू नये म्हणून अगदी टेकवून न टेकवल्यासारखा. मग त्यानं प्रत्येक पत्र्याचे मनातल्या मनात चौकोन पाडले. वर उजवीकडून सुरुवात, आडव्या ओळी, शेवट खाली डावीकडे. स्पंजावर वाटाण्याएवढं सीलंट, पातळ, इतकं पातळ की लावलं की नाही शंका यावी. अर्धा तास थांबायचं. मग पुसायचं. प्रत्येक चौकोन त्यानं पुसला. ह्याबद्दल तो कुठेही शपथ घ्यायला तयार होता.

काही महिन्यांपूर्वी, डोळ्यांच्या दवाखान्यातल्या अंधाऱ्या खोलीत, त्या पांढऱ्या अर्धगोलासमोरही तो असाच शपथेवर बसला होता. उजेडाच्या पाटीसमोर उभी हयात गेलेली, त्यात अवघड काय? सुरुवातीला ठिपके येत राहिले, तो बटण दाबत राहिला. मग बराच वेळ काही आलं नाही. यंत्र तर आतून टकटक करत होतं. प्रत्येक टकटकीला कुठेतरी एक ठिपका चमकत असणार हे त्याला समजलं, आणि मग त्यानं जे केलं ते एकतीस वर्षांत कधी केलं नव्हतं: न बघता दाबलं. टक, दाब. टक, दाब. पण ठिपका नसतानाही यंत्र मधूनमधून टकटक करतं; ते फसलं नाही. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, त्यांनी कागद समोर धरला. मधे पांढरं, आणि खाली डावीकडे काळसर डाग, शाई सांडल्यासारखा. दुसऱ्या डोळ्याच्या कागदावरही तसाच. "डोळ्यात दाब वाढतो तेव्हा असं होतं. गेलेलं परत येत नाही, पण थेंबांनी आहे ते टिकतं. तुम्हाला तिथं काळं दिसत नसणार. मेंदू आजूबाजूचं घेऊन ती जागा भरून काढतो. रस्ता असेल तर रस्त्यानं, भिंत असेल तर भिंतीनं." मग त्यांनी पेनचं टोपण लावत विचारलं, "गाडी चालवता का?" तो म्हणाला, "मुलगा चालवतो." मुलगा इथून रात्रभराच्या प्रवासाएवढा लांब राहतो. "छान," त्या म्हणाल्या, "तुम्ही चालवू नकाच." कागद त्यानं चौघडी करून गाडीच्या पुढच्या कप्प्यात, माहितीपुस्तकाच्या खाली ठेवला. बायकोला सांगितलं, डोळे कोरडे पडतात, थेंब दिलेत. ती म्हणाली, "बरं." सकाळ-संध्याकाळ ती आठवण करते, "थेंब घातलेत?", आणि कोरड्या डोळ्यांना इतकं वक्तशीर कशाला, असं एकदाही विचारत नाही.

रविवारी त्यानं वॅक्स काढलं. बायको दर रविवारी संध्याकाळी मैत्रिणीकडे जाते, दर बुधवारीही जाते, दोन तासांनी येते. आज गेली नाही. सोमवारची तयारी, म्हणाली. वॅक्सच्या डब्याला गोड, जुन्या लाकडी कपाटासारखा वास होता. लावायला मऊ. त्यानं बॉनेट केलं, टप केला, मग डावीकडचं दार, मग उजवीकडचं. पुसलं. आणि आज मुद्दाम, कालचं मनात खुपत होतं म्हणून, घरातला टॉर्च आणून पत्र्याला चिकटवून तिरपा धरला. तिरप्या उजेडात चंदेरीही कबूल होते. बॉनेटवर, खाली डावीकडे, तळहाताएवढं धुकं. ठीक आहे, काल तिथंच राहिलं होतं, पत्रा तिथं खडबडीत असेल. डावीकडच्या दारावर, खाली डावीकडे, पुढच्या चाकाजवळ, तळहाताएवढं धुकं. तो उजवीकडे गेला. पुढच्या चाकाजवळ टॉर्च धरला. स्वच्छ. आरशासारखं. त्याला इतकं हायसं वाटलं की तो बादली उलटी घालून तिच्यावर बसलाच. आणि बसल्या बसल्या टॉर्चचा उजेड घसरत मागे गेला, मागच्या चाकाकडे, आणि तिथं ते होतं. या बाजूनं गाडीकडे तोंड केलं की गाडीची मागची बाजू डावीकडे येते.

कारखान्यात नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात एक शिकवत. दोष कुठेही यायला लागला तर बाटलीला दोष द्या. दोष एकाच जागी येत राहिला तर बाटलीला हात लावू नका. उलटी करा, बुडाला साच्याचा नंबर असतो, तो वाचा, आणि जाऊन साचा बंद करायला सांगा. हजार बाटल्या फोडून उपयोग नाही. हे त्यानं किती पोरांना शिकवलं असेल! गाडीच्या एका बाजूला पुढे, दुसऱ्या बाजूला मागे. पण त्याच्या दृष्टीनं एकच जागा. खाली, डावीकडे. गाडी बदलत होती, दार बदलत होतं, तो बदलत नव्हता. साचा बादलीवर बसला होता. आणि मग बाकीचं सगळं पट्ट्यावरून येत असल्यासारखं एकामागून एक येऊ लागलं, आणि या वेळी प्रत्येकाला अर्धा क्षण नव्हे, हवा तेवढा वेळ होता. फळी. जिन्यात ठेवलेली शेजाऱ्यांची कुंडी, जी त्यानं दोनदा लाथाडली आणि दोनदा शेजाऱ्यांनाच झापलं. डाव्या हाताला ठेवलेला चहा बशीसकट सांडला होता, केव्हा? फार पूर्वी, त्यानंतर कप उजवीकडेच येतो, आणि तो कुणी हलवला हे त्यानं कधी विचारलं नाही. आणि सायकलवाला. पंधरा दिवसांपूर्वी, भर दुपारी, मोकळा रस्ता, डावीकडे वळताना अचानक एक हँडल, एक कोपर, एक ओरडणं. लागलं नाही. वीतभर राहिलं. तो सायकलवाला काही टपकला नव्हता. तो बराच वेळ तिथं होता, शेजारून पायडल मारत, घामाघूम, कदाचित शीळ घालत; आणि मेंदूनं त्याच्या जागी रस्ता भरला होता. छान, गुळगुळीत, रिकामा रस्ता. सायकलवाल्याला शिव्या देऊन तो घरी आला होता आणि जेवला होता. शेजारच्या सीटवर बायको होती. तिनं डॅशबोर्डला दोन्ही हात टेकवले होते, आणि उजवा पाय, हे त्याला आत्ता आठवलं, उजवा पाय खाली जोरात दाबला होता, जिथं तिच्या बाजूला काहीच नसतं.

उद्या मागच्या सीटवर चार वर्षांची नात असणार होती. स्टेशनपासून घरापर्यंत तीन डावी वळणं. तो ती मोजू लागला. पेट्रोलपंपाचं एक. शाळेचं एक, तिथं मुलं असतात, मुलांची डोकी नेमकी किती उंचीवर येतात, खाली, डावीकडे. हळू चालवलं तर? मान जास्त वळवली तर? मनात हिशेब सुरू झाला आणि त्या हिशेबाचा आवाज त्याच्या ओळखीचा होता: टक, दाब. टक, दाब. न बघता दाबायचं आणि निभावलं म्हणायचं. मुलगा काय म्हणेल? काही म्हणणार नाही, "बाबा, बरं केलंत" म्हणेल, आणि ते 'बरं केलंत' ऐकण्यापेक्षा. वाक्य त्यानं मनातही पुरं केलं नाही. फडकं हातात घट्ट आवळलं गेलं होतं. एवढी चमकवलेली गाडी. तिच्या दारात त्याचं तोंड दिसत होतं, लांबुळकं, आणि तोंडाच्या डाव्या बाजूला खाली त्याला स्वतःची हनुवटी पूर्ण दिसत होती. पण ती हनुवटी होती की हनुवटीनं भरून काढलेली जागा, हे आता सांगता येणार नव्हतं.

बायको खाली आली ती बादली मागायला. "झालं का तुमचं? वर फरशी पुसायचीय."

"अगं," तो म्हणाला. "उद्या मी गाडी चालवणार नाही."

"बरं." तिनं बादलीची कडी धरली. तो बादलीवरच बसला होता. "उठा तर खरे."

"बरं काय? का म्हणून विचार तरी!"

"विचारायचं असतं तर केव्हाच विचारलं असतं."

तो उठला. गुडघे कटकटले. "टॅक्सी करू," तो म्हणाला. "पोरगी रडेल थोडी. रडू दे."

"दोन दिवस घासताय, आणि टॅक्सी? मग ही काय, शेडमध्ये नेऊन दाखवायची तिला? ही बघ आजोबांची गाडी, हात लावू नकोस, ओली आहे?"

त्याला हसू आलं नाही. त्यानं दार उघडलं, वाकून पुढचा कप्पा खाली पाडला, माहितीपुस्तक उचललं आणि चौघडी कागद काढून तिच्यापुढे धरला. "कोरडे नाहीत डोळे," तो म्हणाला. "मी खोटं बोललो. तुझ्याशी. डॉक्टरांशीही." तिनं कागद घेतला नाही, उलगडला नाही. ती कप्प्याकडे बघत होती. "त्याच्याखाली काय आहे ते बघा ना," ती म्हणाली. "नाही, उजवीकडे नाही. डावीकडे. खाली. अजून."

त्यानं बघितलं नाही, हात घातला. कप्प्याच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, बोटांना एक गुळगुळीत चौकोन लागला. कडा टणक, कोपरे गोल. बाहेर काढून उजेडात धरला. तिचा फोटो होता, कुणाशी तरी भांडायला निघाल्यासारखा. नाव तिचं. लायसन्स.

"कधी?" तो म्हणाला.

"हातात येऊन दोन महिने झाले. हात सुटू नये म्हणून अजून रविवार-बुधवार क्लासला जाते, मैत्रिणीकडे नाही. तिथंच ठेवलं. म्हटलं, तुम्ही कागद काढाल त्या दिवशी सापडेल." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "पहिल्या परीक्षेत नापास झाले. गाडी मागे घेताना खांबाला टेकवली."

"कुणाची गाडी?"

"क्लासची. तिला ना सीलंट, ना वॅक्स. तो शिकवणारा म्हणाला, मावशी, खांब सरकवू का तुमच्यासाठी?"

आता मात्र तो हसला, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याला सगळं, गाडी, शेड, ती, एकसारखं धूसर दिसू लागलं, डावीकडे आणि उजवीकडे, वर आणि खाली. त्यात एक प्रकारची विश्रांती होती. तिला हवं ते विचारू दे, रागावू दे, असं त्याला वाटलं. ती रागावली नाही असं नाही. "सायकलवाला गेला असता ना," ती म्हणाली, एकदम खालच्या आवाजात, "तर मी तुम्हाला कधीच." आणि पुढचं तिनंही पुरं केलं नाही. मग म्हणाली, "तुम्ही का नाही सांगितलंत?" तो म्हणाला, "तू का नाही?" वरच्या मजल्यावर कुणीतरी नळ सोडला, बंद केला.

"उद्या तुम्ही शेजारी बसा," ती म्हणाली, "आणि बडबड करू नका. गियर बदल, ब्रेक लाव, हे नको."

"आरसा नीट करून घे. तुझी उंची..."

"हे बघा, झालं सुरू."

तो दारापाशी उकिडवा बसला. तीन ठिकाणचं धुकं अजून तसंच होतं. त्यानं टॉर्च बंद केला, फडकं घडी करून घेतलं, आणि डोळे मिटून डावा हात पत्र्यावर टेकवला. बोटं सरकत गेली, पाण्यावरून गेल्यासारखी, आणि मग एका ठिकाणी किंचित, अगदी किंचित अडली. इथं. त्यानं तिथं फडकं फिरवलं. "खाली," ती वरून म्हणाली, "अजून थोडं डावीकडे. हं. गेलं." मग वाटेत बॉनेटवरचं पुसून ते दोघं गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले, तो हातानं चाचपत, ती बादली घेऊन, आणि तिथलंही पुसलं.

क्लासच्या वहीत तिची पहिली सही बुधवारची आहे. त्याच्या डोळ्यांची तपासणी त्यानंतरच्या सोमवारी झाली.